इंजिन ऐकवणारे दत्ता पोवार

दत्ता पोवार इंजिनातलं तेल चाखून बघायचे. हे मी ऐकीव सांगत नाही, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून वर्षभर बघितलेलं सांगते आहे. बॉनेट उघडायचं, तेल मोजायची पट्टी उपसायची, तिच्या टोकाचा काळा थेंब दोन बोटांत चोळायचा, नाकाशी न्यायचा आणि मग जिभेच्या शेंड्याला लावायचा. क्षणभर डोळे मिटायचे, आमटीत मीठ नीट पडलंय का हे बघावं तसे. मग बाजूला थुंकायचं. तेही हॉलंडमध्ये, हूफडॉर्पच्या आमच्या वसाहतीत, जिथे माणसं कुत्र्याची घाण पिशवीत भरून नेतात, आणि अशा दिवसांत, की मी दुकानातून आणलेला दुधाचा खोकासुद्धा साबणानं धूत होते.

"अहो, हे काय करताय?" हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी खिडकीतून ओरडले होते. त्यांनी मला कोपरापर्यंत काळे झालेले दोन्ही हात जोडून नमस्कार केला.

"ताई, गोड लागलं की समजायचं, रेडिएटरमधलं कूलंटचं पाणी तेलात उतरलं. हेडचं पॅकिंग गेलं."

"आणि ते पाणी विषारी असतं त्याचं काय?"

"थुंकतोय की!" असं म्हणून ते पुन्हा थुंकले. आमची ओळख झाली ती अशी.

ते मूळचे कोल्हापूरचे. वय पन्नाशीच्या आसपास, लग्न केलेलं नाही, हॉलंडमध्ये बारा वर्षं झालेली. विमानतळावर सामान वाहून नेणाऱ्या पट्ट्यांचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एका कंपनीत होते. कोविडची साथ आली, विमानं जमिनीवर बसली, पट्ट्या थांबल्या, आणि पोवारांचं काम दिवसाला दोन तासांवर आलं. उरलेल्या वेळात इतरांनी ब्रेड भाजायला घेतला. पोवारांनी नायमेखनच्या एका म्हाताऱ्या डच माणसाकडून एक मोडकी अमेरिकन गाडी आणली. साठच्या दशकातली, दोन दारांची, पलंगाएवढ्या बॉनेटची, आठ सिलिंडरची. असल्या गाड्यांना मसल कार म्हणतात. "म्हंजे पैलवान गाडी, ताई," पोवारांनी मला समजावलं. हा पैलवान मात्र अंथरुणाला खिळलेला होता. म्हाताऱ्यानं दुरुस्तीसाठी तो सुटा केला आणि अकरा वर्षं तसाच टाकला. ट्रेलरवरून गाडी आली तेव्हा इंजिन वेगळं, एका गोधडीत गुंडाळलेलं होतं. नट-बोल्ट कॉफीच्या डब्यांत होते. अंगाचा अर्धा रंग हिरवा, अर्धा तांबडा. मागच्या सीटमध्ये उंदरांची घरटी होती, आणि त्यांच्या मुताचा वास आमच्या ओट्यापर्यंत यायचा.

घरांच्या मागे गॅरेजांची एक रांग आहे. त्यातलं आमच्या खिडकीसमोरचं पोवारांचं. मी सॉफ्टवेअर टेस्टर, घरूनच काम करायची, आणि दर मीटिंगमध्ये माझ्यामागे ते इंजिन खोकायचं. पण आवाजाचं मला एवढं काही नव्हतं. मला त्या माणसाची किळस यायची, हे स्वच्छ सांगून टाकते. ज्या चाळणीत ते तांदूळ धुवायचे तिच्यातच नट धुवायचे. चहाच्या कपाला आतून जो काळा थर होता तो चहाचा की ग्रीसचा हे त्यांनाही सांगता आलं नसतं. दिवाळीत मी स्टीलच्या डब्यातून चकल्या पाठवल्या. डबा महिन्यानं परत आला, तेव्हा आत पिस्टनच्या रिंगा होत्या. "अगागा, ह्या हितं व्हत्या व्हय!" म्हणून त्यांनी त्या आनंदानं काढून घेतल्या आणि डबा मला दिला. मी तो सरळ कचऱ्यात टाकला. अभयला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ते आवडायचे. तो दीड मीटरचं अंतर राखून त्यांच्याशी तासन्‌तास बोलायचा आणि घरात आला की मी त्याला आधी बाथरूममध्ये पाठवायची.

पोवारांचं एक शास्त्र होतं. "आवाज ऐकायचा, धूर बघायचा, तेल चाखायचं. मग पान्याला हात लावायचा." आणि या शास्त्राचे गुरू होते आण्णा, त्यांचे थोरले बंधू. पोवार सहा वर्षांचे असताना वडील गेले, मागोमाग आई. आण्णा तेव्हा वीस वर्षांचे. त्यांनी शाळा सोडली, इंजिनं दुरुस्त करण्याच्या एका वर्कशॉपमध्ये उभे राहिले, पुढे ते वर्कशॉपच चालवायला घेतलं आणि धाकट्याला इंजिनिअर केलं. स्वतः कधी विमानात बसले नाहीत. आण्णा गाडीच्या आजाराचं निदान फोनवरून करायचे. पोवार मोबाइल इंजिनाजवळ धरायचे आणि पलीकडून कोल्हापुरातून आण्णांचा खर्जातला आवाज यायचा, "दत्तू, तिसऱ्यात मिसिंग हाय. प्लग काढ." पोवार तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काढायचे आणि तो हमखास तेलानं माखलेला असायचा.

आण्णांनी आठ सिलिंडरचं इंजिन आयुष्यात उघडलं नव्हतं. मी एकदा मुद्दाम खोचकपणे तसं विचारलं. पोवारांनी माझा प्रश्न जसाच्या तसा फोनवर सांगितला. आण्णा हसले. "त्या ताईंना सांग, आठ सिलिंडर म्हंजे आठ भावंडं. एक रुसलं की सगळं घर हलतंय. कोण रुसलंय तेवढं ऐकू आलं पायजे." मला ते आवडलं, पण मी चेहऱ्यावर दाखवलं नाही.

गाडी चालू करून आण्णांना ऐकवायची, एवढंच पोवारांना हवं होतं. तिचा रंग कोणता, काचा कधी बसणार, रस्त्यावर न्यायला परवानगी मिळणार का, कशाचीही त्यांना फिकीर नव्हती. "आण्णानं जन्मभर दुसऱ्याच्या गाड्या चालू केल्या ताई. ही त्याची. आठच्या आठ एका सुरात लागली की मी फोन लावणार आणि एक शब्दबी बोलणार न्हाई. त्यानं नुसतं ऐकायचं." हे सांगताना त्यांच्या मिशीला पोहे लागलेले होते.

साथीच्या पहिल्या हिवाळ्यात पोवारांना स्वतःला कोविड झाला. हाउसआर्ट्सनं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरनं, फोनवर पॅरासिटामॉल घ्यायला सांगितलं, आणि हा माणूस दोन आठवडे एकटा कण्हत पडला. मी त्यांच्या पायरीवर मऊ भात ठेवून यायची, कागदी ताटलीत, म्हणजे भांडं परत घ्यायला नको. त्या दिवसांत त्यांनी माझा नंबर कोल्हापूरला शालनवहिनींना देऊन ठेवला. शालनवहिनी म्हणजे आण्णांच्या पत्नी. त्या रोज फोन करायच्या, "भावजी खरंच बरे हाइत न्हवं, ताई?" मी खरं ते सांगायची. पोवार उठले, पण जिना चढला तरी धापा टाकू लागले. डॉक्टरांनी छाती तपासून दगदग करू नका म्हटलं. ते गॅरेजात जाऊन बसले.

तोवर खोकून बंद पडणारं इंजिन मार्चअखेर चालू राहायला लागलं. पण आठातली सहाच सिलिंडर पेटायची. त्याच सुमारास तिकडे दुसरी लाट आली आणि आण्णांना ताप आला. चार दिवसांनी त्यांना दवाखान्यात ठेवलं, ऑक्सिजन लावला. आणि पोवार काय करत होते? इंजिनाचा आवाज रेकॉर्ड करून ऑक्सिजनवरच्या माणसाला पाठवत होते. एका दुपारी मी कचरा टाकायला खाली गेले, तर फोन स्पीकरवर होता. "दत्तू... कार्बोरेटर..." मग लांब श्वास. "...फ्लोट... बघ." परत श्वास. पोवार वाकून म्हणत होते, "पुन्हा ऐकवू का आण्णा? जरा रेस करतो."

माझं डोकं फिरलं. फोन ठेवल्यावर मी त्यांना बोलले ते आजही मला शब्दन्‌शब्द आठवतं. "तो माणूस एकेक श्वास ओढतोय आणि तुम्ही त्याला हे भंगार ऐकवताय? लाज नाही वाटत? तिथं जा ना!"

पोवारांनी मान खाली घातली. "तापाचं इचारलं की आण्णा गप्प बसतोय ताई. गाडीचं इचारलं तरच बोलतोय. त्याचा आवाज ऐकायला मिळतोय ना मला."

मला ते कारण नुसतं बेशरम वाटलं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी तिकीट काढलं. जाता येईल, परत कधी येता येईल ठाऊक नाही, असे ते दिवस होते. नोकरी गेली तर जाऊ दे, म्हणाले. बॅग भरली. निघायच्या आदल्या दिवशी वहिनींचा फोन आला, की आण्णांना बरं आहे, दोन दिवसांत घरी सोडतील, तुमची छाती तशी, उगाच धडपडत येऊ नका, त्यापेक्षा गाडी चालू करा, ते तेवढंच विचारताहेत. पोवारांनी तिकीट रद्द केलं आणि पुन्हा पाना उचलला. मी अभयला म्हटलं, "बघ, कारणच हवं होतं त्याला."

आण्णा त्याच्या दुसऱ्या दिवशी गेले.

हे मला कळलं, पोवारांना नाही. वहिनींनी मला फोन केला. रडून त्यांचा घसा बसला होता. "भावजींना सांगू नका ताई, तुमच्या पाया पडते. तिकडं एकटा जीव. छातीचं दुखणं. काही करून घेतलं तर? हितं तरी येऊन काय करणार, आम्हालाबी तोंड बघू दिलं न्हाई. दिवस होऊ देत. मग मी माझ्या तोंडानं सांगते. तवर तुम्ही ध्यान ठेवा." मी "हो" म्हटलं. लगेच म्हटलं, विचारबिचार केला नाही. आपल्याकडे परदेशातल्या माणसाला असंच जपतात. माझी आजी गेली ते मला सोळा दिवसांनी कळलं होतं, परीक्षा होती म्हणून. तेव्हा मी रागावले होते, पण त्या दिवशी मला त्यातलं काही आठवलं नाही. उलट कुणीतरी विश्वासानं आपल्यावर काम सोपवल्याचं एक प्रकारचं बरंच वाटलं.

अभयला सांगितलं. तो म्हणाला, "हे बरोबर नाही." मी म्हटलं, "त्यांच्या घरचा प्रश्न आहे."

मग सुरू झाले ते दिवस मला आठवले की अजून अंगावर काटा येतो. पोवार रोज आवाज रेकॉर्ड करून आण्णांच्या फोनवर पाठवायचे, आणि उत्तर यायचं. ते मला येऊन दाखवायचे, "बघा ताई, आण्णानं टाइप केलंय. बोलायला दम लागतोय म्हणं." स्क्रीनवर लिहिलेलं असायचं, 'आवाज चांगला आहे. टायमिंग थोडं पुढं घे.' नवऱ्याच्या तोंडून तीस वर्षं ऐकलेले चार शब्द वहिनी जुळवत होत्या. कुठल्या हातांनी जुळवत होत्या कोण जाणे. मी मान डोलवायची. "वा, छान," म्हणायची. माझी नोकरी काय, तर दुसऱ्याचं काम तपासून त्यातलं चुकलेलं दाखवणं.

पाडवा आला. आण्णांना जाऊन तिसरा दिवस. दरवर्षी मी ओळखीच्या चार घरी श्रीखंड देते. पोवारांना न द्यावं तर त्यांना शंका येईल, असा मी हिशेब केला. वाटी घेऊन गेले. सख्खा भाऊ गेलेला, सुतकातला माणूस, त्याला मी गोड खाऊ घालत होते आणि हे आम्हा दोघांत फक्त मला माहीत होतं. त्यांनी बोटं पुसली न पुसली, वाटी चाटून साफ केली. "अजून हाय का ओ?" मी पुन्हा आणून दिलं. घरी येऊन मी साबणानं हात धुतले, दोनदा.

आठव्या दिवशी दुपारी त्यांनी मला खाली हाक मारली. इंजिन आता आठही सिलिंडरवर चालू होतं, पण सूर लागत नव्हता. मेसेज आला होता, 'टायमिंग आणखी पुढं घे.' पोवारांनी ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर सैल केला, हातानं फिरवला, रेस केली. इंजिनातून हातोड्या मारल्यासारखी ठणठण सुरू झाली. त्यांनी कपाळाला आठी घातली, तो आवाज फोनवरून पाठवला, पुन्हा तेच उत्तर आलं तसा आणखी थोडा फिरवला. आत काहीतरी खाडकन तुटलं. सायलेन्सरमधून निळा धूर आला आणि सगळं थांबलं.

पोवारांनी तेलाची पट्टी उपसली नाही, बॉनेटखाली वाकलेसुद्धा नाहीत. हातातला फोन बघत उभे राहिले.

"आण्णा असं सांगणार न्हाई," ते म्हणाले. "ठोकतंय हे ऐकून पुढं घे? ठोकलं की मागं घ्यायचं असतंय. मी असं केलं असतं तर आण्णानं कानफटात दिली असती." मग माझ्याकडे वळले. "तुमास्नी म्हाईत हाय ताई."

तो प्रश्न नव्हता. मी होकाराची मान हलवली.

"कवा?"

"आज आठवा दिवस."

त्यांनी फडक्यानं एकेक बोट पुसायला घेतलं. इतकं नीट पुसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बराच वेळ पुसत होते. मग म्हणाले, "धा दिवसांचं सुतक. माझ्या वाट्याला दोन ठेवलासा." आणि माझ्याकडे न बघता, "पाडव्याला तुम्ही मला श्रीखंड दिलंसा. मी मागून खाल्लं."

ते गॅरेजच्या भिंतीशी गेले आणि त्यांना भडभडून उलटी झाली. पोटात काही नव्हतं तरी होत राहिली. मी पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं नाही. घरी जाऊन आंघोळ केली असावी, वरच्या खिडकीतून नळाचा आवाज येत होता. पुढचे दोन दिवस ते बाहेर आले नाहीत. मी दारात खिचडी ठेवली, ती तशीच राहिली, आणि मांजरांनी खाल्ली.

इतके दिवस त्यांची किळस करणारी मी, मला पहिल्यांदा माझी शिसारी आली. वहिनींची नाही आली. त्या बाईनं मरणाच्या घरात बसून दिराला जपायला ते मेसेज लिहिले. आण्णांनीच सांगून ठेवलं होतं, दत्तूला कळू देऊ नकोस, हे वहिनींनी मला नंतर फोनवर सांगितलं. मला मात्र कुणी बांधून घातलं नव्हतं. त्यांच्यापासून मी वीस पावलांवर होते. रोज त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्यांना मी आधीच मनातून इतकं हलकं ठरवून टाकलं होतं, की या निबर माणसाला आठ दिवस उशिरा कळलं तर काय मोठं बिघडणार, असं मला कुठेतरी वाटत होतं. हे मी अभयजवळही कधी बोलले नाही.

इंजिनाचे पिस्टन फुटले असावेत. पोवारांनी ते उघडलंच नाही. उन्हाळ्यात कुणी दोघे डच तरुण ट्रेलर घेऊन आले आणि गाडी गेली. पोवारांनी गॅरेजची फरशी सोड्यानं घासून धुतली, थुंकल्याचे डागसुद्धा काढले. सप्टेंबरात त्यांना नायमेखनला नोकरी लागली. निघायच्या दिवशी ते आमच्या दारात आले. दाढी केलेली, नखं स्वच्छ, तोंडाला मास्क. ते असे बघायला मला नको वाटलं.

"माफ करा मला," मी म्हटलं. पाच महिने मनात घोळवलेलं वाक्य, ते एवढंच निघालं.

"माफीचं काय न्हाई ताई. तुमच्या जागी मी असतो तर मीबी तेच केलं असतं. तेच तर वाईट हाय." ते जायला वळले, मग थांबले. आवाजात राग नव्हता, गाडीतला दोष सांगायचे तसंच सांगत होते. "तुमचे वडील पुण्यात असतात न्हवं? त्यांचं काय झालं तर पहिला फोन तुम्हाला येणार न्हाई. अभयसाहेबांना येईल. आन्‌ साहेब तुमास्नी हसून जेवाय वाढतील."

ते गेले. नंतर त्यांचा फोन नाही, माझाही नाही.

त्या संध्याकाळी मी कामातून उठले तर अभयनं आपणहून पानं घेतली होती. भात गरम केलेला, पापडसुद्धा भाजलेला. "दमलीस ना, बस," तो हसून म्हणाला.

"पुण्याहून फोन आला होता का?" मी विचारलं.

"नाही गं. का?"

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. घास तोंडात तसाच फिरत होता आणि काही केल्या गिळवेना.